वीज इथे, भरभराट तिथे

अपारंपरिक विजेमुळे विकास होतो, की विकास झालेल्यांनाच ती वीज परवडते, यावर अर्थशास्त्री बरंच लिहितात. त्यात ती वीज जिथे तयार होते, त्या गावाचं नाव क्वचितच येतं.

माझं आजोळ पाटण तालुक्यात. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या फिरू लागल्या तरी खालच्या वाड्यांतली लाईट पूर्वीसारखीच जात राहिली. पठारावरची वीज उच्च दाबाच्या तारांनी ग्रीडकडे निघून जायची. पुढे ताळेबंद वाचायची नोकरी लागली, तेव्हा चक्क्यांचं दुसरं गणित समजलं. सुरुवातीच्या काळात चक्कीची अख्खी किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून दाखवता येई. भरपूर नफा असलेल्या कंपनीला ती आयकर वाचवायची कायदेशीर सोय होती; पाती किती फिरतात याची फिकीर नंतरची. प्रत्यक्ष तयार झालेल्या युनिटमागे प्रोत्साहन द्यायला केंद्राला २००९ साल उजाडलं.

वीज एकीकडे आणि तिचा फायदा दुसरीकडे, हे काही नवं नव्हतं. टाटांचं खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झालं आणि कोळशावर चालणाऱ्या मुंबईच्या गिरण्यांना सह्याद्रीच्या पावसाची वीज मिळाली. आज जिला आपण हरित ऊर्जा म्हणतो, ती या शहराच्या उद्योगाच्या पायातच आहे. पण तशाच विजेसाठी पुढे मुळशीची भातखाचरं धरणात गेली. १९२१ मध्ये मावळे सत्याग्रहाला बसले, सेनापती बापट तुरुंगात गेले, आणि धरण झालंच. मुंबई वाढली ती मावळाच्या जमिनीवर, असं मला वाटतं. कुणाला हे कडवट वाटेल.

म्हणून कृषी फीडरच्या सौर योजनेकडे मी जरा आशेने पाहतो. शेतीपंपाला थ्री फेज मिळायची ती आलटून पालटून, दिवसा आठ तास नाहीतर रात्री दहा तास. बॅटरी घेऊन, साप-बिबट्याच्या धास्तीत दारं धरणं काय असतं, ते ज्याने धरली त्यालाच विचारावं. आता सबस्टेशनजवळच पॅनल लागतात आणि ऊन असेल तेव्हाच मोटर चालते. वीज जिथे तयार होते तिथेच खपते, वाटेतली गळती वाचते. शिवाय ती स्वस्त पडते. शेतीच्या सवलतीचा मोठा बोजा आजवर कारखान्यांच्या वीजदरावर पडत आला; तो हलका झाला तर एमआयडीसीतल्या लहान उद्योजकालाही हायसं वाटेल. वाढीशी खरा संबंध मला इथे दिसतो, मेगावॉटच्या जाहिरातीत नाही. गायरानावर पॅनल आल्यावर शेळ्या कुठे चारायच्या, हा तंटा मात्र अनेक गावांत आहेच.

बहीण जतकडे दिली आहे. तिच्या फीडरला आता दिवसा वीज आहे आणि २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला बिलही नाही. रात्रीच्या त्रासामुळे उपशाला जो आपोआप आळा बसायचा, तो गेला. दाजींनी ज्वारीच्या रानात ऊस लावलाय. बोअरचं पाणी किती दिवस पुरेल, असं मी विचारलं, तर म्हणाले, ‘‘शेजारच्यानंही लावलाय. मी थांबलो तर माझ्या वाटचं पाणी तो ओढणार.’’