गोदामाईची कावड

काशीहून रामेश्वरास निघालेल्या कावडीतील गंगाजल श्री एकनाथ महाराजांनी तापलेल्या वाळूत तळमळणाऱ्या गाढवास पाजले. समुद्रतीरीच्या रामेश्वराचा अभिषेक तेथेच झाला, अशी नाथांची धारणा होती.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील श्रीक्षेत्र पैठण येथे ज्या गोदावरीत नाथांनी १५९९ मध्ये जलसमाधी घेतली, तीही एक कावडच होय. त्र्यंबकेश्वरी उगम पावून सुमारे १,४६५ किलोमीटर वाहत ती आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागरास मिळते. मुखाशी असलेली कोरिंगा येथील कांदळवने तिच्या गोड्या पाण्यावर व गाळावर पोसतात. त्यांच्या मुळांच्या आश्रयाने कोळंबी व मासळीची पिले वाढतात. वादळी लाटांचा जोरही तेथे ओसरतो. वाटेतील धरणांत गाळ अडल्याने मुखाकडील भूमी झिजत आहे. तरी १९७६ मध्ये लोकार्पण झालेल्या नाथसागराने मराठवाड्याची तहान भागविली, हे विसरून चालणार नाही.

प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पात्रात सोडलेल्या निर्माल्याचे मात्र कोणते समर्थन द्यावे? पुरासोबत ती पिशवी सागरात जाते आणि तेथील कासव तिला भक्ष्य समजून गिळते. गाभाऱ्यापुढील दगडी कासवास वंदन करूनच भाविक दर्शनास जातो. निर्माल्य पिशवीतून सोडवून कुंडातच अर्पण करावे. पिशवी आपल्यासोबत परत न्यावी.