नाण्यावरील नांव

वेड पांघरून पेडगांवास जाणें, ही म्हण कोणत्या मराठी घरास ठाऊक नाहीं? म्हणींतलें पेडगांव भीमेच्या कांठचें, असें म्हणतात; त्याच नांवाचें दुसरें गांव परभणीजवळ, एके काळच्या निजामी मुलखांत आहे. तेथील मराठी शेतकऱ्यानें जो निजामी रुपया गांठीस बांधला, त्यावरील अक्षरें फारशी होतीं. आणि १८५७ पर्यंत नांवहि निजामाचें नव्हे, दिल्लीच्या बादशहाचें असे. सत्ता एकाची आणि शिक्का दुसऱ्याचा, ही रीत कंपनी सरकारनें तर कळसास नेली.

बंगाल्यांत कंपनीनें पाडलेला एक चांदीचा रुपया उदाहरणादाखल घेऊं. तो 'प्रूफ', म्हणजे बाजारासाठीं नव्हे, तर नमुना म्हणून, घासून तेजाळ केलेल्या ठशानें पाडलेला. शहाआलम बादशहाच्या १९ व्या शुभ वर्षीं हें नाणें मुर्शिदाबादेस पाडलें, असें त्यावर सुबक फारशींत लिहिलेलें असतें. यांतील चांदी तेवढी खरी. टांकसाळ कलकत्त्याची, १९ वें वर्ष केव्हांच सरलेलें, आणि बादशहा? १८०३ सालीं शिंद्यांच्या फौजेचा मोड करून इंग्रजांनीं दिल्ली घेतली, तेव्हांपासून तो अंध वृद्ध त्यांच्याच पेन्शनीवर जगत होता. १८०६ सालीं तो वारला. नाण्यावर मात्र १८३५ पर्यंत राज्य करीत राहिला!

मग हा रुपया तिहेरी असत्य म्हणावयाचा काय? येथें थोडा विवेक केला पाहिजे. पूर्वी रुपयावरील साल जुनें झालें कीं सराफ त्यावर बट्टा कापीत, आणि तो भुर्दंड अखेर गरिबाच्या माथीं बसे. एकच साल कायम ठेवल्यानें त्या कापणीस आळा बसला. तें साल खोटें खरें; परंतु त्यानें दुर्बळाचें रक्षण केलें. नांवाची गोष्ट तशी नाहीं. बादशहाच्या नांवाआड कंपनीची सत्ता झांकली गेली. हुकूम करावयाचा आपण आणि जबाबदार दिसावयाचा दुसरा, हेंच तें पांघरलेलें वेड.

तेव्हां असत्याची पारख करतांना तें कोणास वांचवितें, हें आधीं पाहावें, असें आम्हांस वाटतें. १८३५ सालीं रुपयावर चौथ्या विल्यमचा मुखवटा आला. तो सदसद्विवेक जागा झाल्यामुळें नव्हे, तर पांघरुणाची गरज उरली नव्हती म्हणून. अशा उशिरा आलेल्या सत्यास आम्ही सद्गुण म्हणणार नाहीं.

परंतु कंपनीस हंसण्यापूर्वीं आम्हीं आपल्या घराकडेहि पाहावें. मुलीचें शिक्षण थांबवावयाचें असतें आम्हांस, आणि नांव पुढें होतें आजोबांच्या इच्छेचें. आजोबांना स्वर्गवासी होऊन मात्र वीस वर्षें लोटलेलीं असतात. बाजारांत फिरलेल्या रुपयावरील नांव झिजून तरी जातें. आम्हीं जपून ठेविलेलीं असलीं नांवें नमुन्याच्या रुपयासारखीं वर्षानुवर्षें तशींच झळकत राहतात.