वाया जाण्याची मुभा

रागी मुद्द्याबरोबर, म्हणजे नाचणीच्या शिजवलेल्या गोळ्याबरोबर, पिठलं खायचं तर ते पातळच हवं. म्हैसूरजवळच्या नंजनगूडला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीच्या घरी हे ठरलं ते खाऊन बघूनच. मुद्दा चावायचा नसतो. बोटांनी तुकडा मोडायचा, सारूत, म्हणजे तिकडच्या पातळ आमटीत, बुडवायचा आणि गिळायचा. आपलं घट्ट पिठलं त्याला चिकटून बसतं आणि घास घशाखाली उतरत नाही. मग तिने पिठल्यात पाणी वाढवलं, चिंचेचा कोळ घातला, लसणीची फोडणी जरा सढळ हाताने दिली, आणि जमलं. आता शेजारच्या बाई वाटी पाठवून ते मागवतात.

अशा प्रयोगांना आपण फावल्या वेळचे उद्योग समजतो, तिथेच चुकतो. स्वयंपाकघरातला खेळ मोकळ्या रानात फारसा रंगत नाही. त्याला अडवणारं काहीतरी लागतं. उपासाचंच बघा. घरातला सगळ्यांत कडक दिवस तो. धान्य नाही, डाळ नाही, कांदा-लसूण नाही. कुणाकडे जिरं चालतं, कुणाकडे कोथिंबीरसुद्धा चालत नाही. आणि त्या दिवशी ताटात काय असतं? साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, मिरची. आपल्याकडचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद काय किंवा बाकीच्या तीन वस्तू काय, मूळच्या अमेरिका खंडातल्या. पाचशे वर्षांपूर्वी यांतलं काहीच महाराष्ट्रात नव्हतं. सोवळ्यातल्या चुलीवर परक्या वस्तू सन्मानाने चढल्या, कारण निषिद्ध पदार्थांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. कुणीतरी पहिल्यांदा विचारलं असेल, 'हे चालेल का?' आणि कुणीतरी 'चालेल' म्हटलं असेल. माझ्या मते मराठी स्वयंपाकातली ही सर्वांत धीट घटना आहे.

नंजनगूडच्या घरात अडवणूक वेगळी आहे. हवं ते मिळत नाही, आणि जे मिळतं ते ओळखीचं असूनही वेगळ्या रीतीने रांधलं जातं. डिसेंबर-जानेवारीत बाजार अवरेकाळूने भरतो. हा आपला पावटाच. तिकडच्या बायका दाणे भिजवून, सालं काढून त्यांचं सारू करतात. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दाणा धरून दाबला की आतली फिकट हिरवी डाळ निसटून उडते आणि बोटांत रिकामं साल उरतं. वालाचं बिरडं केलेल्या हाताला हे शिकवावं लागत नाही. बहिणीने त्या डाळीला ओलं खोबरं, गूळ आणि कोकणातून आणलेली आमसुलं घालून बिरड्यासारखं केलं. भाचीने सोलण्याची शर्यत लावली: कुणाची डाळ लांब उडते. निम्मी डाळ ओट्याखालून गोळा करावी लागली.

त्या गोळा केलेल्या डाळीवरून कुणी रागावलं नाही, कारण खेळणारी मुलगी होती. माझ्या मनात घोळत राहिलं ते हेच. घरात प्रयोग करण्याची मुभा सगळ्यांना सारखी नसते. मुलांनी ओटा माखला तर कौतुक. रविवारी हौसेने आत शिरलेल्या पुरुषाने करपवलेली बिर्याणीसुद्धा हसत खाल्ली जाते. रोज रांधणारीने नवं काही करून बघितलं आणि ते बिघडलं, तर पहिला शब्द येतो, 'वाया घालवलंस.' शेजारच्या म्हैसूरला 1950 पासून केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. म्हशीच्या दुधापासून तान्ह्या बाळांचं दूधपूड-अन्न बनवण्याची पद्धत तिथल्या शास्त्रज्ञांनी बसवली. अशा ठिकाणी फसलेला प्रयोग कामाचाच भाग असतो. घरात तो ताटात येतो आणि करणारीलाच संपवावा लागतो.

म्हणूनच बहुधा आपल्या बायकांची बुद्धी सर्वांत मोकळेपणाने शिळ्यावर चालली. फोडणीचा भात, कुस्करलेल्या पोळीला दिलेली फोडणी, उरलेल्या वरणात भिजवलेली कणीक, आमटीतली वरणफळं. उरलेलं अन्न आधीच गेल्यात जमा असतं, त्यामुळे त्याचं काय केलं याचा हिशेब कुणी मागत नाही. तिथे हात सुटा झाला. म्हैसूरपाकाशी राजवाड्यातले आचारी काकासुर मादप्पा यांचं नाव जोडलं गेलं. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना म्हणून रव्याची इडली केली, हे बंगळूरचं एमटीआर उपाहारगृह अभिमानाने सांगतं. फोडणीच्या पोळीला मात्र कुणाचंच नाव नाही. ती हजारो घरांत हजारो वेळा शोधली गेली असणार, आणि दर वेळी 'उरलं होतं म्हणून केलं' एवढ्यावर विषय संपला. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा' या पाककृतींच्या पुस्तकाने 1970 मध्ये वाटी-चमच्याचं माप घरोघरी पोचवलं. अंदाजाच्या धाकातून सुटका झाली, हे तिचं मोठं देणं. ठरलेलं माप हाती असलं की ते मोडायलाही धीर येतो.

नंजनगूडचं रसबाळे केळं भौगोलिक मानांकन मिळालेलं. पातळ सालीचं, गोड, वासाचं. पनामा मर रोगाने त्याच्या बागा पार घटल्या; रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षं तग धरते, त्यामुळे त्याच जमिनीत पुन्हा लावणंही अवघड. केळं महाग, म्हणून बहिणीच्या घरी ते देवापुढे जातं किंवा तसंच खाल्लं जातं. त्याच्याशी खेळायची छाती होत नाही. भाचीने हट्ट धरला तेव्हा तिला दोन केळी मिळाली आणि तिने ती वरईच्या पिठात कुस्करून घावन घातले. तव्याला चिकटले, तुकडे झाले, तरी सगळ्यांनी खाल्ले. बहिणीच्या डोक्यात मात्र कितीतरी दिवसांपासून वेगळंच आहे: रसबाळ्याचं आणि ताज्या नारळाचं सारण रागीच्या उकडीत भरायचं, मोदकासारखं. रागीची पारी फाटेल, केळं पाणी सोडेल, हे तीच सांगते आणि थांबते. पुढच्या वेळी रसबाळी आणलीस की दोन तुझ्यासाठी बाजूला काढ, फाटली तर फाटली, असं मी तिला निघताना सांगितलं.