निम्म्याची निम्मी वाट

भूमकडं खव्याच्या भट्ट्या पुष्कळ. अशाच एका भट्टीवर एक म्हातारी खवा आटवायची. तिचा नातू पुण्यात तत्त्वज्ञान शिकत होता. तो सुट्टीला आला, तेव्हा दुपारी आजीनं भरलेला डबा पुढं सरकवला. "फाट्यावर टेम्पो थांबलाय, देऊन ये. ऊन लई हाय, खवा आंबंल."

नातू उंबऱ्यावरच बसला. "आजी, फाट्यावर पोचताच येत नाही. आधी निम्मी वाट चालायची. मग उरलेल्याची निम्मी, मग तिची निम्मी. हे संपणार कधी? अडीच हजार वर्षांपूर्वी दक्षिण इटलीतल्या एलिया गावच्या झेनोनं हे मांडलंय. आपला नागार्जुनही तेच विचारतो. चालून झालेल्या वाटेवर चालणं उरत नाही, पुढच्या वाटेवर ते अजून सुरू नाही, मग माणूस चालतो कुठं?"

आजीचं उलथणं कढईच्या बुडाशी खरडत होतं. ते थांबवलं तर खवा करपतो, म्हणून तिनं मान वर न करताच विचारलं, "निम्मी वाट ऱ्हायली की येळबी निम्माच लागतो की रं! वाट तेवढी बारीक करत बसलास, घड्याळ का न्हाई केलंस?"

ॲरिस्टॉटलनं झेनोला दिलेलं उत्तर जवळपास हेच होतं. निम्मा, पाव, अर्धा पाव अशी न संपणारी बेरीज बरोबर 1 भरते, याला गणितानं काटेकोर पाया दिला तो एकोणिसाव्या शतकात. नातवानं हे सगळं आजीला समजावून सांगायला घेतलं. युक्तिवाद कितीही देखणा असो, त्यानं ऊन थांबत नाही, हे मात्र पोराच्या ध्यानात येईना.

तेवढ्यात टेम्पोचा हॉर्न वाजला. आजीनं कढई उतरवली, डबा डोक्यावर घेतला आणि निघाली. नातू वही टाकून मागं धावला. झेनोच्या दुसऱ्या कोड्याप्रमाणं त्याला ती सापडायलाच नको होती, कारण ती जिथं होती तिथं तो पोचेपर्यंत ती थोडी पुढं सरकलेली असणार. त्यानं तिला तिसऱ्या घरापाशी गाठलं आणि डबा आपल्या डोक्यावर घेतला.

टेम्पोवाला करवादला, "मावशे, आज एवढा उशीर?"

"पोरगं वाट मोजत हुतं," म्हातारी म्हणाली. "तू वजन कर."