मावशीची पिशवी

मावशीची औषधं कापडी पिशवीत असत. स्ट्रिपा, घड्या पडलेल्या चिठ्ठ्या, केमिस्टची बिलं. गोळ्या ती रंगरूपावरून ओळखे: पांढरी बीपीची, गुलाबी पोटाची, अर्धी मोडायची ती रात्रीची. मागच्या पावसाळ्यात तिचे पाय सुजले, म्हणून एका डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली. आठवडाभरात ती बोलता बोलता हरवू लागली. रक्तातलं सोडियम घसरलं होतं. इस्पितळात एका तरुण डॉक्टरने पिशवी पलंगावर उलटी केली. दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या कंपन्यांच्या नावाने एकच औषध लिहिलं होतं: अ‍ॅम्लोडिपीन. मावशी दोन्ही निष्ठेने घेत होती. सूज त्या दुप्पट मात्रेची होती, आणि सुजेवरची गोळी म्हणजे औषधाच्या त्रासावर दिलेलं औषध.

चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात न जाणलेलं औषध विषाच्या पंगतीला बसवलं आहे. पण आज एका थकल्या देहाला चार वैद्य असतात. प्रत्येक जण आपलं औषध नीट जाणतो, चौघांची बेरीज मात्र कुणीच मांडत नाही. त्यात उतारवयात मूत्रपिंडं मंदावतात आणि काही औषधं अंगात जास्त रेंगाळतात.

ही बेरीज एका पानावर यावी, ही डिजिटल नोंदीची खरी थोरवी मला वाटते. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. त्यातला १४ अंकी आभा क्रमांक मी मावशीला काढून दिला. रुग्णाच्या संमतीशिवाय नोंदी पुढे जात नाहीत, ही त्यातली अट मला फार मोलाची वाटते. तरी एक गोष्ट मनात सलते. संमतीचा ओटीपी माझ्या फोनवर येतो. मावशीचा होकार मीच देतो. म्हणून आता आधी तिला विचारतो, मगच आकडे टाकतो.

शिवाय नोंदीत असतं ते लिहून दिलेलं औषध. पोटात गेलेलं कुठलं, ते घरातच कळतं. एकादशीला रिकाम्या पोटी नको म्हणून टाळलेली गोळी कुठल्या पडद्यावर दिसणार?

परवा आम्ही यादी लावत बसलो. मी स्ट्रिपेच्या मागची बारीक अक्षरं वाचत होतो, ती मान डोलवत होती. यादी संपली तेव्हा तिने उशीखालून आणखी एक स्ट्रिप काढली. शेजारणीने दिलेली वेदनाशामक गोळी. बीपी वाढवणारी, मूत्रपिंडावर भार टाकणारी.

"ही गुडघ्याची. हीपण लिहायची का रे?"