गणिताचा कौल

असाध्य रोगाची लक्षणे दिसली, तर वैद्याने रुग्णाला सत्य सांगावे, याविषयी दुमत नाही. परंतु सत्य सांगून झाल्यावर 'आता काहीच होणार नाही' असेही त्याने सांगावे काय? स्टीफन एमॉट या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या कारकिर्दीकडे पाहताना हा प्रश्न मनात उभा राहतो.

एमॉट हे केंब्रिज येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधनशाळेत संगणकीय विज्ञानाचे प्रमुख होते. निसर्गातील गुंतागुंतीच्या व्यवस्था समीकरणांत मांडून संगणकावर त्यांचे वर्तन पाहणे, हा त्या विज्ञानाचा एक विषय. पृथ्वीवरील परिसंस्थांचे 'मॅडिंग्ली' नामक जे गणिती प्रतिमान २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, त्याच्या कर्त्यांत त्यांचे नाव आहे.

२०१२ मध्ये हे गृहस्थ लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहात स्वतः रंगमंचावर उभे राहिले. दिग्दर्शन केटी मिचेल यांचे. नेपथ्य एमॉट यांच्याच कार्यालयाचे. 'टेन बिलियन' हा तो प्रयोग. पुढील वर्षी त्याच नावाचे पुस्तक निघाले. माणसांची वाढती संख्या आणि त्याहून वाढता उपभोग यांमुळे अन्न, पाणी व हवामान ही तिन्ही संकटे एकत्र येत आहेत, हे त्यांचे प्रतिपादन. तंत्रज्ञान तारणार नाही, आणि वर्तनात आमूलाग्र बदल आपण करणार नाही, हा निष्कर्ष. शेवटी, एकच गोष्ट करायची तर कोणती, या प्रश्नाला एका सहकाऱ्याने दिलेले उत्तर ते सांगतात: मुलाला बंदूक चालवायला शिकवीन.

एमॉट यांची भीती निराधार नव्हती. २०२४ हे वर्ष औद्योगिक युगापूर्वीच्या सरासरीहून दीड अंशापेक्षा अधिक उष्ण ठरले. तथापि, जननदर आहे तसाच राहिल्यास शतकाअखेर लोकसंख्या २८ अब्ज होईल, हा त्यांच्या पुस्तकातील आकडा पाहावा. त्यातील बेरीज चुकलेली नाही; पण तिचा सारा भार त्या 'राहिल्यास' या शब्दावर आहे, आणि जननदर तर तेव्हाही उतरत होता. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार लोकसंख्या २०८० च्या दशकात सुमारे १०.३ अब्जांवर पोहोचून पुढे घटू लागेल. भारतात २०१९-२१ च्या पाहणीत दर स्त्रीमागे सरासरी अपत्ये दोन आढळली.

'जर' आणि 'तर' यांमधील संबंध समीकरण सांगते. 'जर'च्या जागी काय येईल, ते माणसे ठरवितात. 'आपण बदलणार नाही' हे वाक्य कोणत्याही प्रतिमानातून निघत नाही. तो एका चिंताग्रस्त मनुष्याचा अभिप्राय आहे. तसा अभिप्राय बाळगण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. मात्र त्यावर विज्ञानाची मुद्रा उमटविण्याचा अधिकार नाही.

हा भेद केवळ तात्त्विक नव्हे. संख्येचे भय सत्तेच्या हाती गेले की काय होते, हे आपण १९७६ मध्ये पाहिले आहे. सक्तीच्या नसबंदीची उद्दिष्टे गाठण्यासाठी त्या वर्षी गरीब माणसे वेठीस धरली गेली. शिवाय डोकी मोजण्यात आणखी एक अन्याय दडलेला असतो: सरासरी अमेरिकी मनुष्य सरासरी भारतीयाच्या सहा-सात पट कर्बवायू हवेत सोडतो.

याच प्रश्नाकडे पाहणारे दुसरे एक गणिती आपल्याकडे होऊन गेले. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्यापायी गणिताची प्राध्यापकी गमावली आणि १९२७ पासून अखेरपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविले. लोकसंख्येची चिंता त्यांनाही होती. परंतु त्यांच्या विचाराच्या केंद्रस्थानी स्त्रीचे आरोग्य आणि आपल्या देहावरील तिचा अधिकार होता. स्त्रिया शिकल्या, साधने हाती आली, बालमृत्यू घटले, तेथे जननदर बंदुकीच्या धाकाविना उतरला, ही पुढील शंभर वर्षांची साक्ष आहे.

हवामानाचा प्रश्न अधिक बिकट आहे, कारण तेथे आवर संततीला नव्हे, उपभोगाला घालावयाचा आहे. त्यात यश येईलच असे नाही. तरीही वैद्याने रोगाचे नाव स्पष्ट सांगावे, पथ्य सांगावे आणि मग रुग्णाच्या उशाशी बसावे. उठून जाण्याची मुभा त्याला कोणत्याही गणिताने दिलेली नाही.