आकाशावरचा शिक्का

१९९३च्या नोव्हेंबरात हिरो कपचे सामने तोंडावर आले होते आणि ते उपग्रहावरून दाखवण्यासाठी आणलेली यंत्रसामग्री मुंबईच्या कस्टम्सने अडकवून ठेवली होती. बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क एका परदेशी कंपनीला दिले होते. सरकारचं म्हणणं, १८८५च्या टेलिग्राफ कायद्याप्रमाणे असली परवानगी देण्याचा अधिकार आमचाच. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. सामने वेळेवर झाले, निकाल मात्र ९ फेब्रुवारी १९९५ रोजी लागला. न्या. पी. बी. सावंत यांनी त्यात स्पष्ट केलं की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे.

कस्टम्समध्ये अडकलेल्या सामानापायी एक फार जुना प्रश्न कोर्टाच्या दारात आला: आकाशाला मालक असू शकतो का?

वैशेषिकांनी आकाशाला द्रव्य मानलं. ते एक आहे, नित्य आहे, सर्वत्र भरून आहे आणि शब्द हा त्याचा गुण आहे, असं अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त संस्कृतचा प्रत्येक विद्यार्थी वाचतो. वेदान्त्यांनी याला घटाकाश आणि मठाकाशाची जोड दिली. मडक्यातलं आकाश वेगळं भासतं ते मडक्यामुळे. मडकं फुटलं की भेद संपला. इथे ‘आमच्या ऋषींना वायरलेस ठाऊक होतं’ म्हणून सरसावणाऱ्यांनी जरा थांबावं. ध्वनी निर्वात पोकळीतून जात नाही आणि रेडिओलहरींना कुठलंच माध्यम लागत नाही. भौतिकशास्त्रात हे जुने तत्त्वज्ञ चुकले. सलग वस्तूवर सीमा आखतो कोण, हा त्यांचा तर्कातला प्रश्न मात्र अजून जिवंत आहे.

वायफाय आणि ब्लूटूथ २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झमध्ये चालतात. या पट्ट्याला २००५पासून भारतात परवाना लागत नाही. तरी ब्लूटूथचा स्पीकर आयात करायचा तर दूरसंचार विभागाच्या ‘डब्ल्यूपीसी’ शाखेकडून त्या मॉडेलची ‘ईटीए’, म्हणजे उपकरणाच्या प्रकाराला मान्यता, घ्यावी लागते. २०१९पासून अशा बऱ्याच उपकरणांना स्वयंघोषणेवर मान्यता मिळते. कंप्रता निसर्गाची आहे; २४८३.५वर ओढलेली रेघ माणसांनी आपसांत ठरवलेली. सरकारी मडकंच ते.

मग रेघ ओढायचा हक्क येतो कुठून? कोळसा जाळला की संपतो, जमीन कसून कसून निकस होते. लहर तशी झिजत नाही. प्रक्षेपक बंद केला की पट्टा होता तसा मोकळा. नुकसान होतं ते एकाच वेळी दोघे बोलले की, कारण मग कुणाचंच ऐकू येत नाही. म्हणजे सरकारचा मूळ हक्क पाळी लावून देण्याचा आहे. २०२३च्या दूरसंचार कायद्यात केंद्र सरकारला लोकांच्या वतीने स्पेक्ट्रमचं मालक म्हटलंय. आता मालकाने नकार दिला तर कारण सांगावं लागत नाही. दुसऱ्याच्या वतीने सांभाळणाऱ्याला ते सांगावंच लागतं. कायद्याच्या त्या वाक्यात दोघेही एकाच खुर्चीत बसले आहेत.

शिवाय परवानगीमागे दुसरंही कारण असतं, भीतीचं. १९३३च्या वायरलेस कायद्याने परवान्याविना यंत्र नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा ठरवलं. १९४२मध्ये उषा मेहता आणि त्यांचे सहकारी मुंबईत ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ चालवत होते, ते ब्रिटिशांच्या लेखी विनापरवाना प्रक्षेपकच. नोव्हेंबरात ते पकडले गेले. पण भीती दर वेळी खोटी नसते. २६/११चे हल्लेखोर समुद्रातून आले तेव्हा त्यांच्याकडे सॅटेलाइट फोन होता. आणि डिसेंबर २०२४मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एका कॅनेडियन धावपटू महिलेला अडवलं, ते डोंगरात वाट चुकली तर मदत मागता यावी म्हणून जवळ ठेवलेल्या सॅटेलाइट संदेशयंत्रापायी.

दहशतवादी आणि डोंगरात पळणारी बाई, दोघांना परवान्याचा एकच नियम लागू होतो. खरी अडचण ही आहे. लहरींचा गोंधळ टाळायचा असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल पुरे. यंत्र कोण आणतंय याच्याशी त्याचा संबंध नाही. सुरक्षेची शंका असेल तर ती माणसाविषयी आहे, तेव्हा ती तशी उघड सांगावी, कारण लेखी द्यावं, मुदत घालावी आणि अपिलाची सोय ठेवावी. दोन्ही कारणं एका शिक्क्याखाली घातली की कारण विचारायचा नागरिकाचा हक्कच हरवतो.

हे बदलेल तेव्हा बदलेल. तोवर परदेशातून सह्याद्रीत भटकायला येणाऱ्या भाच्या-पुतण्यांना एवढं जरूर कळवा: सॅटेलाइट फोन किंवा तसलं संदेशयंत्र सामानात असेल तर दूरसंचार विभागाची परवानगी आधी हातात घ्या, नाहीतर ते घरीच ठेवून या.